मालकाला परवानगी नाही

साध्या पेन ड्राइव्हनं झालं असतं. हे वाक्य त्या रविवारी रामप्रसाद सोळुंके यांना ज्यानं त्यानं आपापल्या परीनं ऐकवलं. मुलानं फोनवरून, शेजारच्या नीलाताईंनी खिडकीतून, आणि दुकानवाल्या राधेश्यामनं हसू दाबत. पण काही माणसांना दारातून आत या म्हटलं, की ती आधी चौकट कुणी बसवली याची चौकशी करतात. रामप्रसाद त्यातले. त्यात त्यांना शेजारी लाभले होते मुकुंदराव.

काम एवढंसं होतं. रामप्रसादांचे सासरे काकासाहेब पंच्याऐंशी वर्षांचे झाले होते आणि त्या संध्याकाळी टेंभुर्णीला मांडव घालून त्यांचं अभीष्टचिंतन ठेवलं होतं. रामप्रसादांनी त्यासाठी फिल्म बनवली होती. फिल्म म्हणजे फोटोंचीच, पण मागं सनई होती, फोटो कोपऱ्यातून गरगरत यायचे आणि सुरुवातीला धुरातून सोनेरी अक्षरं उगवायची: 'काकासाहेब – एक वटवृक्ष'. फोटो जमवायला त्यांनी अर्धा जिल्हा पालथा घातला होता. वाटूरच्या एका आत्याबाईंच्या ट्रंकेत तर असा फोटो सापडला, की रामप्रसाद तिथंच मटकन खाली बसले. स्वर्गवासी सासूबाई, दुर्गाबाई, कापसाच्या ढिगावर बसलेल्या, तोंडाला पदर लावायचा राहून गेलेला, आणि खळखळून हसताहेत. हा फोटो काकासाहेबांनी उभ्या जन्मात पाहिलेला नव्हता. घरी भिंतीवर होता तो पासपोर्टचा मोठा केलेला, हार घातलेला, आणि त्यात दुर्गाबाई रेशन दुकानदाराच्या काट्याकडं बघावं तशा बघत होत्या.

ही फिल्म हॉलमधल्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये होती. टेंभुर्णीला न्यायचा होता लॅपटॉप. तो त्याच टेबलावर, कॉम्प्युटरच्या शेजारीच पडलेला होता. फिल्मला प्रवास करायचा होता तो एवढाच.

पण या फिल्मच्या मागं एक रेडिओ होता. लग्नानंतरच्या पहिल्याच धोंड्याच्या महिन्यात रामप्रसाद सासुरवाडीला गेले, धोंडे खाल्ले, नवी धोतरजोडी घेतली, आणि जावयानंही काही करून दाखवावं म्हणून काकासाहेबांचा खरखरणारा रेडिओ उघडून बसले. तो परत मिटला तेव्हा ताटलीत मूठभर सामान उरलं होतं. रेडिओ पुन्हा बोलला नाही. काकासाहेबही त्यावर काही बोलले नाहीत. फक्त तेव्हापासून टेंभुर्णीत मोटारपंप अडो, मिक्सर जळो की बॅटरी पेटेनाशी होवो, रामप्रसाद बाह्या सरसावून उठले की काकासाहेब हात आडवा करून शांतपणे म्हणत, "जावईबापू, तुम्ही बसा."

माणूस शिव्या पचवतो. 'तुम्ही बसा' पचत नाही. आदल्या दिवशीच दैवशालाबाईंचा, म्हणजे रामप्रसादांच्या बायकोचा, माहेराहून फोन आला होता. त्या तयारीसाठी आधीच टेंभुर्णीला जाऊन राहिल्या होत्या. त्या वडलांचा निरोप देत म्हणाल्या, "आबा म्हनून राह्यले, फिल्लम राहू द्या. जावयाला म्हणावं नुसतं या, आन् जेवा."

तेव्हा फिल्म चालायलाच हवी होती. सगळ्या सासुरवाडीसमोर, काकासाहेबांच्या डोळ्यांदेखत, आणि एका डावात.

मुकुंदराव बँकेतून मोठ्या खुर्चीवरून निवृत्त झाले होते. टेंभुर्णीला त्यांच्या गाडीतून जायचं ठरलं होतं, म्हणून ते सकाळीच इस्त्रीचा शर्ट घालून येऊन बसले होते. रामप्रसादांच्या हातात पेन ड्राइव्ह पाहून त्यांनी जो चेहरा केला, तो पूर्वी ते फाटकी नोट बघून करत असावेत.

"सोळुंके, हे काय? या जमान्यात पेन ड्राइव्ह?"

"मंग कशानं करू?"

"शेअरिंग. घरात वायफाय एकच ना? मग घरातली सगळी यंत्रं एकमेकांची सोयरी झाली. यानं फोल्डर उघडा ठेवायचा, त्यानं पलीकडून उचलायचा. आम्ही घरी असंच करतो."

मुकुंदराव घरी असं काहीही करत नव्हते. त्यांच्या घरी वायफायच नव्हतं. रामप्रसादांचंच भिंतीतून पलीकडं जात होतं, आणि त्या उपकाराखातर त्यांच्या पत्नी नीलाताई अधूनमधून शेवयांची खीर पाठवत. पण 'आम्ही घरी असंच करतो' हे वाक्य सुशिक्षित माणसानं म्हटलं की त्याला पुरावा मागायचा नसतो.

रामप्रसादांनी पेन ड्राइव्ह खिशात घातला आणि फोल्डरवर टिचकी मारली. यादी उघडली, त्यात 'प्रॉपर्टीज' असा शब्द दिसला. प्रॉपर्टी म्हटल्यावर दोघांनाही हुशारी आली. मग यंत्रानं विचारलं, हे कुणाकुणाला दाखवायचं? खाली नावं होती आणि सगळ्यात वर 'एव्हरीवन'.

"एव्हरीवन म्हणजे सगळे," मुकुंदराव म्हणाले. "टाका. आपलेच तर आहेत."

रामप्रसादांनी टाकलं. फक्त घाईत त्यांनी फिल्मचा फोल्डर उघडा करण्याऐवजी त्याच्या वरचा, घरातलं एकूण एक सामान ज्यात होतं तो थोरला फोल्डर उघडा केला. लॅपटॉपवर काहीच दिसेना.

"थोडा वेळ लागतो," मुकुंदराव म्हणाले. "यंत्रांची आपसात ओळख पटावी लागते."

ओळख पटली. पण भलतीकडं. शेजारी नीलाताईंकडं भिशी होती. बायका बसलेल्या, पोह्यांच्या ताटल्या हातात, आणि समोरच्या टीव्हीनं आपणहून विचारलं, शेजारच्या कॉम्प्युटरवर फोटो सापडले आहेत, बघायचे का? नीलाताईंना वाटलं, काकासाहेबांची फिल्म. त्यांनी कौतुकानं सगळ्यांना खुर्च्या वळवायला लावल्या आणि बटण दाबलं.

आता मधल्या एका गोष्टीचा खुलासा करायला हवा. पावसाळ्यात रामप्रसादांच्या पाठीवर नागीण उठली होती. त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं, फोटो पाठवत जा. दैवशालाबाईंनी मनापासून पाठवले. डावीकडून, उजवीकडून, जवळून, मलम लावण्याआधी, मलम लावल्यानंतर, आणि एक खिडकीतल्या उजेडात, ज्यात रामप्रसाद उघड्या खांद्यावरून मागं वळून 'झालं का' अशा नजरेनं बघत होते. टीव्ही नेमका त्याच फोटोवर अडकला.

थोड्या वेळानं खिडकीत नीलाताई आल्या. चेहरा अगदी सरळ ठेवायचा त्यांनी प्रयत्न केला होता.

"भाऊ, पाठ आता बरी आहे ना?"

"कुणाची?" रामप्रसाद म्हणाले.

"तुमची. भिशीतल्या बायका विचारताहेत. ज्योत्स्नाताई म्हणतात, कडुलिंबाचा पाला वाटून लावा. आणि भाऊ, खांदा जरा खाली घ्या म्हणाल्या पुढच्या वेळी, म्हणजे नीट दिसेल."

मागून हसण्याचा जो आवाज आला, तो ऐकून रामप्रसादांची बरी झालेली पाठ पुन्हा हुळहुळली.

"साधा पेन ड्राइव्ह घ्यायचा ना," असं म्हणून नीलाताई गेल्या.

आता बंद करणं आलं. रामप्रसादांनी धडाधड खिडक्या उघडल्या, आणि एका ठिकाणी त्यांच्यासमोर एक तक्ता आला. वर लिहिलेलं 'परमिशन्स'. खाली नावं, आणि प्रत्येक नावापुढं दोन चौकोन. एक परवानगी देण्याचा, एक नाकारण्याचा.

रामप्रसादांची उभी नोकरी एका सरकारी कचेरीत परवानगीच्या टेबलावर गेली होती. मांडवाला परवानगी, भोंग्याला परवानगी, मिरवणुकीला परवानगी. समोरच्याला 'परवानगी न्हाई, साहेबांना भेटा' म्हणताना मानेला द्यायचा तो खास झोका त्यांनी वर्षानुवर्षं घोटला होता. निवृत्तीनंतर ती मान तशीच पडून होती. आज इतक्या दिवसांनी तिला काम मिळालं. त्यांनी 'एव्हरीवन'च्या पुढं नाकारण्याच्या चौकोनात खूण केली, खालच्या ओळीत केली, त्याच्या खाली केली, हात थांबेना. यंत्रानं विचारलं, खात्री आहे ना? कचेरीत हे त्यांना कुणी कधी विचारलं नव्हतं. हो म्हणून ते मोकळे झाले.

भिंतीपलीकडचा टीव्ही काळा पडला. बायकांचा 'अगंबाई, गेलं' असा हळहळता सूर आला.

"झाला बंदोबस्त," रामप्रसाद म्हणाले, आणि फिल्म काढायला म्हणून त्यांनी फोल्डर उघडला.

यंत्रानं इंग्रजीत काहीतरी सुनावलं. मुकुंदरावांनी चष्मा वर करून मराठी केलं, "या फोल्डरमध्ये जाण्याची तुम्हाला परवानगी नाही. वरिष्ठांना भेटा."

शब्द सगळे रामप्रसादांच्या ओळखीचे होते. फक्त आजवर ते टेबलाच्या दुसऱ्या बाजूनं ऐकले नव्हते. 'सगळे' म्हटल्यावर त्यात आपणही येतो, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. नोकरीत तसं कधी यावं लागलं नव्हतं.

त्यांनी बबलूला फोन लावला. बबलू हा त्यांचा मुलगा, पुण्यात नोकरीला, आणि तो परस्पर टेंभुर्णीला यायला निघाला होता.

"पप्पा, आधी कशालाच हात लावू नका."

"लावून झाला."

"मंग आता कशालाच लावू नका. एक पेन ड्राइव्ह…"

"त्ये सोड. फोल्डर आत घेईना मला."

"मी गाडी चालवून राह्यलो, पप्पा. ओनरशिप बघा. फोल्डरची ओनरशिप कुणाची हाय, ती घ्या, आन्…" आणि फोन गेला. पुढं काय, ते वाऱ्यावर गेलं.

"ओनरशिप म्हणजे मालकी," मुकुंदराव म्हणाले.

मालकी म्हटल्यावर हॉलमध्ये गंभीर वातावरण पसरलं. रामप्रसाद म्हणाले, "मालकी अशी घेता येत न्हाई. फेरफार करावा लागतो. नोटीस काढावी लागते, हरकती मागवाव्या लागतात."

"आधी सध्याचा मालक कोण ते तर बघू."

शोधता शोधता ते सापडलं. पडद्यावर इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, ओनर: मालक.

दोघांनी ते दोनदा वाचलं.

"ओनर कोण, तर मालक," रामप्रसाद म्हणाले. "बराबर हाय की."

"सोळुंके, हे भाषांतर झालं. उत्तर नाही झालं."

"कचेरीत असंच उत्तर देतात," रामप्रसाद म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात यंत्राबद्दल थोडा आदर उमटला.

खरं तर त्याच घडीला, त्याच तक्त्यावरच्या नाकारल्याच्या खुणा पुसल्या असत्या तर सगळं मिटलं असतं. पण दिलेला नकार मागं घेणं हा प्रकार रामप्रसादांच्या टेबलावर कधी घडलेला नव्हता, त्यामुळं तो सुचला नाही. आणि मुकुंदरावांना सुचलं ते बँकेतलं.

"या कॉम्प्युटरमध्ये तुमच्या नावाचं खातं आहे का?"

"खातं?"

"अकाउंट. इथं लिहिलंय बघा. खातं एकच, तेही 'मालक' या मोघम नावानं. अशा खात्यावर मी माझ्या बँकेत दमडी उचलू दिली नसती. आधी तुमच्या नावानं खातं उघडा. खातं असल्याशिवाय व्यवहार होईल कसा?"

हे रामप्रसादांना बिलकुल पटलं. त्यांनी स्वतःच्या नावाचं नवं खातं उघडलं. मुकुंदरावांनी इतक्या तन्मयतेनं त्यात लक्ष घातलं, की वारस म्हणून कुणाचं नाव लावायचं हेही विचारून झालं. मग त्यांचं लक्ष आणखी एका गोष्टीकडं गेलं.

"आणि हे काय? यंत्र चालू केलं की माणूस सरळ आत? पासवर्ड नाही, काही नाही? शटर उघडं टाकून झोपता तुम्ही?"

तिथं एक छोटा चौकोन होता, चालू करताना पासवर्ड विचारावा का. मुकुंदरावांनी स्वतःच्या हातानं तिथं खूण केली आणि यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं.

पडद्यावर दोन गोल आले. एकाखाली लिहिलेलं 'रामप्रसाद', दुसऱ्याखाली 'मालक'. रामप्रसाद आपल्या नावानं आत शिरले. आत काहीच नव्हतं. दैवशालाबाईंनी लावलेलं तुळजाभवानीचं चित्र नव्हतं, पत्त्यांचा डाव नव्हता, वटवृक्ष नव्हता.

"नवीन खातं आहे," मुकुंदराव समजूत घालत म्हणाले. "शिल्लक शून्यच असणार."

जुन्या फोल्डरकडं जावं तर यंत्र म्हणे, मालकाचा पासवर्ड द्या. परत बाहेर येऊन 'मालक'वर टिचकी मारावी, तरी तेच, पासवर्ड द्या.

"अहो, पण मालक मीच हाय की," रामप्रसाद म्हणाले.

"ते मला नका सांगू. त्याला सांगा."

"घर माझं. कॉम्प्युटर माझा. वायफाय माझं, त्ये तर दोन घरांना पुरून राह्यलं." मुकुंदरावांनी इथं खिडकीबाहेर बघितलं. "आन् मला म्हणतंय, मालकाला विचारून या."

त्यांनी पासवर्ड घालून बघायला सुरुवात केली. स्वतःची जन्मतारीख घातली. लग्नाची घातली, ती मुकुंदरावांना विचारावी लागली, कारण नीलाताई दरवर्षी शुभेच्छा द्यायच्या म्हणून त्यांच्या लक्षात होती. बबलूचं नाव घातलं. काकासाहेबांचं घातलं. तुळजाभवानी घातलं. शेवटी 'रामप्रसाद' असं स्वतःचंही घालून पाहिलं. यंत्र दर वेळी तोच नकार देत होतं, त्याच थंडपणानं. कचेरीत आपल्यापुढं उभी राहणारी माणसं घरी जाऊन काय बोलत असतील, याचा अंदाज रामप्रसादांना हळूहळू यायला लागला.

खिडकीत पुन्हा नीलाताई आल्या. भिशी संपली होती आणि त्यांनी प्रवासाची साडी नेसली होती.

"निघायचं ना? का भाऊ, फिल्म राहू द्यायची? काकासाहेब काही म्हणणार नाहीत हो."

तेच तर. काकासाहेब काही म्हणणार नाहीत. नुसता हात आडवा करतील. आणि दुर्गाबाई कापसाच्या ढिगावर, बंद फोल्डरमध्ये, कुणाला न दिसता हसत राहतील.

"न्हाई," रामप्रसाद म्हणाले. "आज फिल्म गेल्याशिवाय मी जात न्हाई."

मग त्यांनी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला आणि राधेश्यामला लावला. राधेश्यामचं बाजारात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. सगळी हकिगत ऐकताना तो मधे मधे फोन लांब धरत असावा, कारण आवाज जाऊन-येऊन होता.

"काका, सोपं हाय. मालकच्या खात्यात जा आन् त्या नाकारल्याच्या खुना काढून टाका. बास."

"त्याचा पासवर्ड न्हाई माझ्याकडं. कोण हाय हा मालक?"

"तुम्हीच की, काका."

"मी तेच सकाळपासून म्हणून राह्यलो."

"न्हाई, ऐका. तुम्ही डोळ्याच्या ऑपरेशनला गेल्ते, तवा कॉम्प्युटर बंद पडला आन् काकू रिक्षात घालून माझ्या दुकानात आल्त्या. मी सगळं नव्यानं टाकलं. मशीन विचारतं ना, कुणाच्या नावानं करायचं. मी म्हणलं, काकू, काकांचं नाव सांगा. त्या म्हणल्या, मालक लिव्ह. मी म्हणलं, नाव सांगा, नाव. त्या म्हणल्या, नाव कसं सांगू बाबा, आमच्याकडं मालक म्हणलं की समद्यांना कळतं, तुझ्या मशीनला कळत न्हाई व्हय?"

खरंच होतं ते. दैवशालाबाईंनी लग्नापासून त्यांचं नाव कधी तोंडानं घेतलं नव्हतं. समोर असले की 'अहो', मागं 'मालक', आणि दूधवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना ते बरोबर कळत होतं. लग्नात उखाणा घेतला होता म्हणतात, पण नेमका नाव यायच्या वेळी बँडवाल्यानं बँड सुरू केला. नंतर हळदी-कुंकवात घेत असतील, पण तिथं पुरुष नसतात. तसं पाहिलं तर नाव असं कुणीच घेत नव्हतं. कचेरीत भाऊसाहेब, कॉलनीत सोळुंके, सासुरवाडीला जावईबापू, घरात पप्पा. आईवडील गेल्यापासून रामप्रसाद हे नाव वापराविना, नव्या खात्यासारखं, तसंच पडून होतं.

"आन् पासवर्ड?"

"तो त्यांनीच टाकला. मला भिंतीकडं तोंड करून उभं केलं. एका बोटानं टाकत होत्या, लई वेळ लागला. आन् काका, टाकताना लाजत होत्या बगा."

"लाजत होत्या?" शेजारून मुकुंदराव म्हणाले, आणि त्यांनी रामप्रसादांकडं सहानुभूतीनं पाहिलं.

तसाच टेबलावरून टेंभुर्णीला फोन लावला तर उचलला वंदनानं, म्हणजे दैवशालाबाईंच्या भावजयीनं.

"दाजी, निघाले का?"

"तिला दे जरा. जल्दी हाय."

"आक्काचे हात पुरणात हायेत. थांबा, स्पीकरवर टाकते."

फोनमधून अख्खी टेंभुर्णी ऐकू यायला लागली. भांडी, बायका, लेकरं, आणि मांडवात 'हॅलो, माइक टेस्टिंग'.

"अहो, काय झालं? निघाले न्हाईत का अजून?"

"त्या कॉम्प्युटरचा पासवर्ड सांग. त्या मालकाच्या खात्याचा."

पलीकडून दैवशालाबाई म्हणाल्या, "तो सांगता येत न्हाई."

"इसरली का?"

"इसरन कशी? सांगता येत न्हाई म्हनलं."

"अगं, फिल्म आत अडकली. तुझ्या आईचा तो फोटो आत अडकला. आबांना दाखवायचा म्हणून मी…"

दैवशालाबाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही."

"मी काय?"

"तुम्हीच की हो."

"अगं पण मी काय?"

मुकुंदरावांनी तत्परतेनं 'तुम्ही' असं टाइप करून बघितलं. नाही. मग 'तुम्हीच' करून बघितलं. तेही नाही.

"लागत न्हाई," रामप्रसाद म्हणाले.

"काय टाकलं तुम्ही?"

"तुम्ही. आन् मंग तुम्हीच."

तिकडं कुणाच्या तरी हातून उलथनं पडलं. पहिल्यांदा वंदनाला उमगलं. "आग्गं आक्का, दाजींचं नाव टाकलं व्हय मशीनमध्ये?" आणि मग तिथल्या सगळ्या बायका अशा हसल्या, की फोन टेबलावर सरकला.

"नाव टाकून झालं," रामप्रसाद फोनवर ओरडले. "सकाळीच टाकलं. लागत न्हाई."

"कसं लागंल?" वंदना म्हणाली. "आक्कानं कसं टाकलं त्ये आक्काच सांगंल. घ्या आक्का, नाव घ्या. उखाण्यात घ्या."

एवढ्यात मागून काठीचा आवाज जवळ आला आणि काकासाहेबांचा खर्ज ऐकू आला. "काय गोंधळ चाललाय?"

"आबा, दाजींचं मशीन अडकलं. आक्कानं नाव घेतल्याबिगर उघडत न्हाई."

"मशीन?" काकासाहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात जुनी काळजी होती. "जावयानं उघडलं का काय मशीन? दे फोन." मग अगदी कानाशी, शांतपणे, "जावईबापू, तुम्ही बसा."

मुकुंदराव आणि खिडकीतल्या नीलाताई, दोघांनीही ते ऐकलं होतं.

"न्हाई आबा," रामप्रसाद म्हणाले. "आज न्हाई बसत मी. तिला म्हणावं, सांग."

काकासाहेब हुंकारले. त्या हुंकाराला नकार म्हणता आला नसता. मग ते म्हणाले, "घे गं दैवे. मशीन जावयाचं हाय, लाजती कशाला."

पलीकडं बांगड्या वाजल्या. पुरणाचे हात कशाला तरी पुसले गेले. मांडवातल्या माइकवाल्यालाही कुणीतरी गप्प केलं. आणि दैवशालाबाईंचा आवाज आला, फोनवर बाजार सांगतानाचा नव्हे, दुसराच, थोडा वरचा, माहेरचा.

"पुरणाच्या पोळीला जायफळाचा वास, रामप्रसादरावांचं नाव घेते, मशीनसाठी खास."

इकडं हॉलमध्ये मुकुंदराव पहिल्यांदा भानावर आले. "राव," ते पुटपुटले. "सोळुंके, राव लावलंय. टाका."

रामप्रसादांनी एका बोटानं, एकेक अक्षर जपून, टाकलं. सकाळी त्यांनी नुसतं रामप्रसाद टाकलं होतं. स्वतःच्या नावाला स्वतः राव लावायचं कुणाला सुचेल? तिला सुचलं होतं. दुकानात, राधेश्यामला भिंतीकडं तोंड करायला लावून, जिथं कुणी बघणार नव्हतं, कुणी वाचणार नव्हतं, अक्षरांच्या जागी नुसते काळे ठिपके दिसतात तिथंसुद्धा तिनं राव सोडलं नव्हतं.

यंत्र एका डावात उघडलं.

तुळजाभवानी आली. पत्त्यांचा डाव आला. रामप्रसादांनी तो तक्ता काढला आणि नाकारल्याच्या खुणा एकेक करून पुसल्या, आयुष्यात पहिल्यांदा. फोल्डर उघडला. धुरातून सोनेरी अक्षरं उगवली, सनई वाजायला लागली तशी मुकुंदरावांनी झटकन आवाज बंद केला, कारण तिकडून अजून फोन चालू होता, आणि फिल्म पुढं सरकवता सरकवता कोपऱ्यातून गरगरत दुर्गाबाई आल्या, कापसाच्या ढिगावर, तोंडाला पदर न लावता हसत. लेकीच्या चेहऱ्यावरही हसताना डाव्या गालावर तशीच खळी पडायची. रामप्रसादांनी ती आधी कधी ताडून पाहिली नव्हती.

"अहो," फोनमधून आवाज आला, "उघडलं का?"

सगळी टेंभुर्णी कान देऊन होती. काकासाहेबांच्या काठीचा आवाजही थांबला होता. रेडिओपासून आजपर्यंत रामप्रसादांनी वाट पाहिली होती ती याच घडीची, की सासऱ्यानं विचारावं आणि जावयानं म्हणावं, हो आबा, चालू झालं, एका डावात.

रामप्रसादांनी खिशातला पेन ड्राइव्ह काढला, तो हळूच मुकुंदरावांच्या हातात दिला, फिल्मकडं बोट दाखवलं, आणि फोन तोंडाजवळ घेतला.

"न्हाई उघडलं," ते म्हणाले. "आवाज तुटून राह्यला. नीट ऐकू न्हाई आलं. परत एकदा घे."

मुकुंदरावांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. खिडकीतून नीलाताईंनी त्यांच्याकडं अशी नजर टाकली, की ते मिटलं.

"पुन्यांदा?" दैवशालाबाई म्हणाल्या. "सगळे ऐकून राह्यले हितं."

"घे गं, घे," मागून काकासाहेब म्हणाले. "त्यांच्या हातचं मशीन एका डावात कधी चालू झालंय का? रेडिओपासून बघून राह्यलो मी."

बायका पुन्हा हसल्या. जावयाच्या नावावर आणखी एक बिघाड कायमचा जमा झाला. रामप्रसाद खुर्चीत मागं टेकून बसले, फोन कानाशी घट्ट धरला, आणि पलीकडं दैवशालाबाईंनी नवा उखाणा आठवायला घसा साफ केला.